गोड्या पाण्याचा मासा, शिळ्या पावाचा चुरा

१ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी थांबते आणि ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांत गोमंतकीय स्वयंपाकघराचे गणित बदलते. खाजनांच्या मानशींवर मिळणारे शेवटे, काळुंद्रे आणि चणाक यांना सोन्याचा भाव येतो, सुके बांगडे डब्यांतून बाहेर निघतात आणि एरवी ज्यांच्याकडे आपण वळूनही पाहत नाही ते रोहू, कटला, बासा बर्फाच्या पेट्यांतून येऊन बाजारात मानाने बसतात. नाइलाजाने ते घरी आणले जातात, त्यांचे हुमण होते, रवा लावून ते तव्यावर तळले जातात आणि जेवण संपताना ठरलेला निवाडा दिला जातो: ‘या माशाला चव नाही.’

हा निवाडा माशावर थोडा अन्याय करणारा आहे. दोष बहुधा माशाचा नसून पद्धतीचा असतो. खाऱ्या पाण्यातील तेलकट, दाट चवीच्या मासळीसाठी आपण शतकानुशतके घडवलेल्या रीती गोड्या पाण्याच्या सौम्य माशावर जशाच्या तशा लादल्या तर निराशाच पदरी पडणार. त्याला मानवते ती कोरडी उष्णता, आणि त्या उष्णतेपासून त्याचा ओलावा राखणारे मसालेदार चुऱ्याचे आवरण. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये पावाच्या चुऱ्याखाली भाजलेला मासा हा पदार्थ पाश्चात्त्य हॉटेलांच्या यादीतून आपल्याला ठाऊक झाला असला, तरी त्यामागचे तत्त्व आपल्याला परके नाही. ते समजून घेण्यासाठी समुद्राच्या काठावरून उठून थोडे दूर, माळव्यात जावे लागेल.

धार आणि देवास ही दोन गावे मराठी माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून परिचयाची. पवारांच्या घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे आपली संस्थाने उभी केली. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासची कथा तर आणखी गमतीची. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या वंशजांनी एकाच गावातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये चालवली. दोन दरबार, दोन खजिने आणि अर्थातच दोन मुदपाकखाने. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही महिने खासगी चिटणीस होता आणि पुढे १९५३ मध्ये त्याने ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिले, ते याच देवासच्या टेकडीवरील देवीच्या नावाने. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, राज्ये गेली. मराठी घरे मात्र राहिली.

या घरांपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही दूर. म्हणजे समुद्राच्या ताज्या मासळीपुरते बोलायचे तर तेथे वर्षाचे बाराही महिने बंदीच. जो मासा मिळतो तो तळ्यांचा, धरणांच्या जलाशयांचा आणि नर्मदेचा. धार जिल्ह्याची दक्षिण सीमा नर्मदाच आखते, आणि देवास जिल्ह्याचे दक्षिण टोकही नेमावरपाशी तिला जाऊन भिडते. माळव्याचे नाव निघाले की आपल्याला बाफले, शेव आणि पोहे आठवतात, मासा आठवत नाही. परंतु भारतातील जुन्या पाककृतींचा एक अत्यंत महत्त्वाचा ग्रंथ याच धार जिल्ह्यात, मांडूच्या डोंगरी राजधानीत सिद्ध झाला. ‘निअमतनामा’ हे त्याचे नाव. माळव्याचा सुलतान गियासुद्दीन याच्या दरबारात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, तो लिहिला जाऊ लागला आणि त्याचा पुत्र नासिरुद्दीन याच्या काळात सोळाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. फारसी भाषेतील या सचित्र हस्तलिखितात समोशांपासून सरबतांपर्यंत आणि अत्तरांपासून कबाबांपर्यंत सारे काही आहे; माशांचे पदार्थही आहेत. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये जहाजासारखा उभा असलेला मांडूचा जहाज महाल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना समुद्राविना मासा ही कल्पना विचित्र वाटणार नाही.

आता त्या माशाकडे वळू. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडील गोड्या पाण्याचे तीन मुख्य पाळीव मासे. त्यांच्याविषयी दोन तक्रारी असतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत: मातीचा वास आणि काटे.

मातीच्या वासाला कारण असते जिओस्मिन नावाचे एक रसायन. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ आणि मातीतील काही जिवाणू ते तयार करतात, आणि माशाच्या कल्ल्यांतून व कातडीतून ते त्याच्या चरबीत साठते. पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणारा जो सुगंध कवींना मोहवतो, त्यातही हेच रसायन असते. मातीत ते सुगंध ठरते आणि माशात दुर्गंध. मानवी नाकाला त्याची जाण इतकी तीव्र आहे की अब्जावधी कणांमागे काही थोडके कणही पुरतात. सुदैवाने आम्लापुढे ते टिकत नाही. लिंबू, चिंच, आमसूल, ताक किंवा माडाचे व्हिनेगर यांनी जिओस्मिनचे विघटन होऊन वास बराच मावळतो. म्हणूनच गोड्या पाण्याचा मासा शिजवण्यापूर्वी आंबट पदार्थात मुरवणे हा केवळ चवीचा भाग नसतो. वास प्रामुख्याने कातडीत आणि तिच्यालगतच्या काळपट मांसात असतो, तेव्हा नाक फारच हळवे असेल तर कातडी आणि तो काळा पट्टा काढून टाकावा.

काट्यांचा प्रश्न अधिक गंभीर, कारण तो घशाशी येतो. या माशांच्या पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे रुतलेले असतात. ते कण्याला जोडलेले नसल्यामुळे कणा काढला तरी तेथेच राहतात. पोटाकडच्या तुकड्यांत मात्र फक्त बरगड्यांचे मोठे, दिसणारे काटे असतात. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर पोटाकडचाच तुकडा मागून घ्यावा, अथवा मरळ घ्यावा. त्यात बारीक काटे अगदी थोडे. चुऱ्याच्या आवरणाखाली मासा दिसत नाही, त्यामुळे काटाही दिसत नाही, हे या पदार्थाचे एक वैगुण्यच आहे. त्यासाठी तुकड्यावरून बोट उलट दिशेने फिरवून जे टोचेल ते आधीच चिमट्याने उपटून काढणे, एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

आणि मग हे आवरण. त्याचे काम समजले की पाककृती पाठ करावी लागत नाही. माशाच्या मांसातील प्रथिने साधारण ४० अंश सेल्सियसपासून घट्ट होऊ लागतात आणि ६० ते ६३ अंशांच्या आसपास मासा शिजून तयार होतो. कोंबडी किंवा मटणाच्या मानाने हे तापमान फारच कमी. त्यापुढे प्रत्येक मिनिटाला मांसातील पाणी पिळून बाहेर पडते आणि मासा भुसभुशीत होतो. दुसरीकडे आपल्या जिभेला हवा असतो तो खरपूसपणा, आणि तो १४० अंशांच्या खाली येतच नाही. म्हणजे जेथे खरपूस व्हायचे तेथे १४० अंश आणि जेथे शिजायचे तेथे ६०. बोटभर जाडीच्या तुकड्यात हा एवढा फरक साधायचा कसा? तळताना आपण रव्याचा थर देऊन तेच करतो. भाजताना ते काम पावाचा चुरा करतो. तो आधीच कोरडा असल्यामुळे चटकन तापतो आणि तांबूस होतो, त्याच्यातील हवेच्या पोकळ्यांमुळे खालच्या मांसाला थेट धग लागत नाही, आणि माशातून निघणारा थोडासा रस तो टिपून घेतो. चुऱ्यात तूप किंवा तेल मुरवले असेल तर उष्णता सर्व कणांना सारखी पोहोचते. कोरडा चुरा तसाच टाकला तर काही कण करपतात आणि काही पांढरेच राहतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्यांचा पदार्थ बहुधा येथेच फसतो.

यात सर्वांत मोठी अडचण वेळेची. बोटभर जाड तुकडा चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटांत शिजतो, पण कच्चा चुरा तेवढ्या वेळात नीट खरपूस होत नाही. तो होईपर्यंत वाट पाहिली तर मासा वाळतो. उपाय सोपा आहे. चुरा आधी कढईत तुपावर मंद आचेवर हलवत फिकट सोनेरी करून घ्यावा आणि मग माशावर घालावा. उरलेला रंग ओव्हन देतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचे प्रमाण इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

वरून येणाऱ्या उष्णतेविषयी दोन शब्द, कारण येथे गोमंतकीय वाचक माळव्याच्या पुढे आहे. बिबिंक एकेका थराने भाजताना भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे असतात, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांना वरची धग म्हणजे काय हे सांगायला नको. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांत कोळंबीचे किंवा माशाचे भानोळे असेच खाली-वर निखारे ठेवून भाजले जात असे. मराठी घरातील भाजलेल्या मासळीचा तो अस्सल नमुना. माळव्यात बाफले आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या धगीत भाजतात, म्हणजे आत मऊ आणि बाहेर खरपूस हेच तत्त्व तेथे कणकेला लावले आहे. ओव्हन हे यंत्र नवे असेल, पण त्यातली धग आपल्या ओळखीची आहे.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांसाठी अर्धा किलो माशाचे, सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्यावेत. त्यांना अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि एका लिंबाचा रस चोळून २० मिनिटे ठेवावे. यापेक्षा अधिक वेळ ठेवले तर आम्लानेच मासा वरून घट्ट होऊ लागतो. मग सुटलेले पाणी ओतून द्यावे आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ कापडाने टिपून अगदी कोरडा करावा. टिपणे अनेकजण गाळतात. ओल्या माशावर बसवलेला चुरा खालून लापशी होतो आणि वरच्यावर निसटतो.

चुऱ्यासाठी आदल्या दिवशीचे दोन पाव पुरतात. आपल्याकडे पोदेराचे कातरे पाव किंवा उंडे यासाठी उत्तम, कारण त्यांत साखर आणि लोणी नसल्यासारखेच. बाजारातील गोडसर मऊ पाव साखरेमुळे लवकर करपतो. पाव हाताने कुस्करावा, मिक्सरमध्ये पीठ करू नये. ज्वारीच्या दाण्याएवढे आणि त्याहून लहान असे मिसळीचे कण असले की कुरकुरीतपणा येतो. दोन मोठे चमचे तूप किंवा तेल तापवून त्यात चार लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात, लसूण रंग बदलण्याआधी चुरा घालावा आणि पाच-सहा मिनिटे हलवत राहावे. खाली उतरवल्यावर मिरपूड, बारीक चिरलेली कोथिंबीर, एखादी हिरवी मिरची आणि चिमूटभर मीठ मिसळावे. कोथिंबीर चुलीवर असताना घालू नये, तिचे पाणी चुऱ्याला मऊ करते.

हे झाले सर्वसाधारण. धार-देवासच्या स्वयंपाकघरात पोदेर नाही. तेथे पावाच्या जोडीला शेव आहे. रतलामची लवंग-मिऱ्याची तिखट शेव हाताने चुरडून पावाच्या चुऱ्यात एक-चतुर्थांश मिसळली तर वेगळा मसाला लागतच नाही, मात्र ती आधीच तळलेली असल्यामुळे भाजून झालेल्या चुऱ्यात शेवटी घालावी आणि मीठ टाळावे. उरलेले बाफले कुस्करले तर त्यांचा चुराही चालतो. तो जड असतो, म्हणून थर पातळ ठेवावा.

चुरा माशाला धरून ठेवण्यासाठी मध्ये एक चिकट थर लागतो. परदेशी पद्धतीत मोहरीची चटणी, मेयोनेझ किंवा अंडे लावतात. माळव्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात आले आणि थोडी मोहरीपूड, हे सहज जमण्यासारखे आणि आंबटपणामुळे मातीच्या वासावरही उपयोगी. आपल्याकडे रेशाद मसाल्याचा पातळ थर यासाठी जणू जन्मालाच आला आहे, कारण त्यात व्हिनेगर असतेच. थर पातळ म्हणजे खरोखरच पातळ, बोटाने पुसल्यासारखा. त्यावर चुऱ्याचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर घालून तळहाताने हलके दाबावे. खालच्या बाजूला आणि कडांना चुरा लावू नये, तो तेथे भाजत नाही, वाफेत भिजतो.

ओव्हन २०० अंशांवर निदान १५ मिनिटे आधी तापवलेला असावा. ताटलीला तेलाचा हात फिरवून तुकडे एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावेत. दाटीवाटीने ठेवले तर ते भाजण्याऐवजी उकडतात. लहान ओटीजीमध्ये वरची सळई अगदी जवळ असते, त्यामुळे ताटली मधल्या कप्प्यात ठेवावी आणि दहाव्या मिनिटाला डोकावून पाहावे. मासा झाला की नाही हे पाहण्यासाठी सर्वांत जाड जागी सुरीचे टोक घालून किंचित वळवावे. पाकळ्या सहज सुटल्या आणि मांस पारदर्शक न राहता दुधाळ झाले, की बाहेर काढावे. कडेला पांढरा चिकट द्रव भरपूर साचू लागला असेल तर समजावे की वेळ होऊन गेली. दोन-तीन मिनिटे थांबून वाढावे, झाकण मात्र ठेवू नये. झाकणाखालच्या वाफेने सगळी मेहनत मऊ पडते.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाच्या कढईत तळाशी जाळी ठेवून, झाकून, मध्यम आचेवर मासा शिजवता येतो, पण त्यात वरची धग नाही. अशा वेळी चुरा कढईतच पूर्ण खरपूस भाजून घ्यावा आणि मासा शिजल्यावर, वाढण्याच्या क्षणी वर पसरावा. शुद्धतावाद्यांना हे पटणार नाही. खाणाऱ्यांची तक्रार नसते.

राहिली खरेदी, आणि ती गौण नाही. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना एक कला अवगत असावी लागते, ती म्हणजे प्रवास करून आलेला मासा ओळखण्याची. बंदीच्या दिवसांत तीच आपल्यालाही लागते. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातील तपासणीनंतर फॉर्मेलिनचा वाद पेटला आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर सरकारला काही काळ बंदी घालावी लागली, हे कोणी विसरलेले नाही. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ असतात, कल्ले लाल आणि किंचित ओलसर, मांस दाबले की परत वर येते आणि वास तळ्याचा किंवा समुद्राचा असतो, औषधाचा नव्हे. कल्ले फिकट असूनही मांस रबरासारखे कडक असेल, किंवा उघड्यावर ठेवलेल्या माशावर माशी बसत नसेल, तर तो घेऊ नये. मसाल्याने आणि चुऱ्याने चव झाकता येते, शिळेपण झाकू नये. गोठवलेला मासा घेतला तर तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवून वितळवावा. बाहेर ओट्यावर किंवा कोमट पाण्यात वितळवलेल्या माशातून पाणी सुटतच राहते आणि चुरा कधीच कुरकुरीत होत नाही.

मध्य प्रदेशातही बंदी असते, १६ जून ते १५ ऑगस्ट, कारण तेथील नद्यांतील मासेही पावसातच अंडी घालतात. त्यात उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगाचा श्रावण आपल्याहून पंधरवडाभर आधी सुरू होतो. तेथील मराठी घरांनी दोन्ही श्रावण पाळायचे ठरवले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. पण एका माशापुरती बंदी बाराही महिने स्वतःहून पाळावी असे वाटते. नर्मदेचा महासीर, ज्याला तिच्या काठी बाडस म्हणतात, तो २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्य-मासा आहे. त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि खडकाळ, वाळू-गोट्यांचा तळ लागतो; तेथेच तो अंडी घालतो. सरदार सरोवराचा जलाशय २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. धार जिल्ह्यातील निसरपूर आणि चिखलदा ही गावे पाण्याखाली गेली आणि तेथील वाहती नर्मदा संथ तळे झाली. संथ पाणी कटल्याला मानवते, बाडसाला नाही. त्यामुळे त्या काठावर राहणाऱ्या आप्तांनी कधी मोठ्या कौतुकाने बाडस आणून देऊ केला, तर त्याऐवजी कटला मागावा. पोटाकडचा तुकडा, कातडी काढून. चुऱ्याखाली तो अधिक शोभतो.